वेग नसला तरी थरार असतो

मोटारसायकल ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकता खडकाळ अडथळे पार करण्याच्या स्पर्धांमध्ये, वेग नसल्यामुळे प्रेक्षक तिकडे फिरकत नाहीत, हे आपल्याकडील ट्रायल्सवरच्या लेखातील विधान मला पटले नाही. वेग बाजूला काढल्यामुळेच तर स्वाराचे कसब लपायला जागा उरत नाही. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमच्या परिसरात मे महिन्यात होणाऱ्या, १९०९ पासूनची परंपरा सांगणाऱ्या सहा दिवसांच्या ट्रायलचेच उदाहरण घ्या. तेथे स्वार आधी पायी जाऊन ओढ्यातला शेवाळलेला दगड बुटाने दाबून पाहतो, तो डगमगतो का आणि चाक नेमके कुठून चढवायचे हे मनाशी ठरवतो, आणि मग बसायला धड सीटही नसलेल्या गाडीवर उभा राहून, एका बोटाने क्लच सांभाळत, तोच दगड चढू लागतो. पाय एकदा टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन आणि पडला किंवा अडकला तर थेट पाच. हा हिशेब ठेवणारा निरीक्षक हाताच्या अंतरावर उभा असतो आणि प्रेक्षकही फार लांब नसतात. शर्यतीच्या मैदानावर ही जवळीक कुठे मिळते?

ट्रायल्समधले नामवंत स्वार सॅमी मिलर यांनी १९६५ मध्ये हलक्या स्पॅनिश बुल्टाको गाडीवर ही ट्रायल जिंकली, तेव्हापासून जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरत आले, या महत्त्वाच्या वळणाचा उल्लेख लेखात यायला हवा होता. आजचे स्पॅनिश विश्वविजेते टोनी बोऊ यांची एका जागी तोल सावरून थांबण्याची हातोटी अद्भुतच आहे, पण मला स्वतःला बंदिस्त सभागृहात होणाऱ्या ट्रायल्समधील कृत्रिम अडथळ्यांपेक्षा पावसाने निसरडा झालेला डोंगरउतार अधिक भावतो.