लिंगावरची सूज आणि फॉरवर्डमधले चार सल्ले

पुरुषांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं सार असं: लिंगाला सूज आली म्हणजे कुठून तरी लागण झाली. दुखत नसेल तर लक्ष देऊ नका. दुखत असेल तर बर्फ लावा आणि मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा. आठवड्यात उतरली नाही तरच डॉक्टर गाठा. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही आणि शेवटचा तर उघड उघड घातक आहे.

आधी 'लागण' घेऊ. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांनी सूज येते, हे खरं. पण कधीही कुणाशी संबंध न आलेल्यालाही ती येते. नेहमी दिसणारं कारण म्हणजे लिंगाचं टोक आणि त्यावरची त्वचा यांचा दाह: लाली, खाज, कधी पांढरट थर, त्वचा मागे घेताना आग. मुळाशी बऱ्याचदा बुरशी असते, नाहीतर नको तितकी स्वच्छता. सुगंधी साबणाने रोज घासून काढणारे लोक हे दुखणं स्वतःच ओढवून घेतात. असं वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण आपल्याला मधुमेह आहे हे काहींना इथूनच कळतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनाही हा बुरशीचा त्रास होऊ शकतो.

कंडोममधल्या लॅटेक्सची ॲलर्जी, कीटकाचा चावा, हीही कारणं आहेत. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी क्वचित अचानक सूज येते. सोबत ओठ किंवा जीभ सुजली, तर श्वास अडकण्याचा धोका असतो आणि तेव्हा वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं असतं. जोरकस संभोगानंतर टोकाच्या मागे दोरीसारखी टणक वळी उठते, ती सहसा काही आठवड्यांत जिरते. तेव्हा जोडीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी तपासणी करून घ्या.

'दुखत नाही ना, मग सोडा' हा दुसरा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो उलटा आहे. सिफिलिस या लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजाराचा पहिला व्रण सहसा दुखत नाही. 3 ते 6 आठवड्यांत तो औषधाविना भरूनही येतो, आजार मात्र अंगात मुरत राहतो. लिंगाच्या कर्करोगाची गाठही सुरुवातीला फारशी दुखत नाही आणि त्वचा मागे जात नसेल तर तिच्याआड दिसतही नाही. लिंग आणि अंडकोषाच्या पिशवीबरोबर पाय, डोळ्यांखालचा भाग सुजला असेल, बोटाने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर दुखणं मूत्रपिंड, हृदय किंवा यकृताचं असू शकतं.

बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवला तर बिघडत नाही, थेट त्वचेवर मात्र नको. ट्यूबचं प्रकरण वेगळं. खाजेच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आतून पसरत जाते.

आता तो आठवडा. वरची त्वचा मागे घेतली आणि ती पुढे येईना, असं झालं की त्या त्वचेचा आवळ टोकाच्या मागे बसतो. टोक फुगतं, फुगल्यामुळे आवळ आणखी घट्ट होतो आणि रक्तपुरवठा तुटू लागतो. इथे हिशोब तासांचा असतो. रुग्णालयात लघवीची नळी घालताना किंवा म्हाताऱ्या माणसाला पुसून काढताना त्वचा मागे घेतली जाते आणि पुढे आणायची राहून जाते. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर काळजी घेणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं. तान्ह्या बाळाच्या लिंगाभोवती केस गुंडाळला जाऊनही असाच आवळ बसतो. केस सुजेत रुतल्यामुळे चटकन दिसत नाही, दिसतं ते फक्त रडणारं बाळ.

संभोगाच्या वेळी 'कट्' असा आवाज, पाठोपाठ ताठरता जाणं, मग सूज आणि काळानिळा रंग: आतलं आवरण फाटलं असण्याची दाट शक्यता. त्यावर बहुधा लगेच शस्त्रक्रिया करतात. उशीर झाला तर वाकडेपणा आणि ताठरतेचा त्रास मागे राहू शकतो. उलट, इच्छा नसताना ताठरता 4 तासांहून जास्त टिकली तरी तातडीच. ताप, असह्य वेदना, काळी पडत चाललेली किंवा दुर्गंधी येणारी त्वचा, लघवी अडणं, लघवीच्या वाटेने रक्त, यांपैकी काहीही असेल तर रात्र असली तरी थेट आपत्कालीन विभागात जावं.

यातलं काही नसेल आणि नुसती लाली-खाज असेल, तर साबण बंद करून साध्या पाण्याने धुवावं आणि येत्या एकदोन दिवसांत नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावं. बोलायची लाज वाटली तर 'लघवीच्या जागेला सूज आहे' एवढं पुरतं. बाकी त्यांना लागतं ते इतकंच: कधी सुरू झाली, त्याआधी काय घडलं, आणि तुम्ही कोणत्या गोळ्या घेता, कोणती ट्यूब लावून आलात.