फोडणीचा खोकला

ऑक्टोबर २०२१, कोरोनाचे निर्बंध उठायला लागलेत. परवा जेवताना नवऱ्याने विचारलं, आता सगळं उघडतंय तर तुला सगळ्यात आधी काय करावंसं वाटतंय? त्याच्या मनात महाबळेश्वर होतं हे मला चेहऱ्यावरून कळत होतं, लेकीने तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आत गोवा म्हणून टाकलं. मी आमटी भुरकली आणि म्हणाले, मला चारचौघांत मनसोक्त खोकायचंय.

दोघांनी ताटातून मान वर केली नाही. दीड वर्षात घरच्यांना सवय झालीये माझी.

तर मला दमा आहे. वयाच्या नवव्या वर्षापासून आहे, म्हणजे या घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा माझा त्याच्याशी जास्त जुना संसार आहे. पण आमच्या माहेरी हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. "हिची जरा कफाची प्रकृती आहे" एवढंच. मुलीचं पुढे लग्न व्हायचं होतं ना! दाखवायच्या कार्यक्रमात आतून पोह्यांच्या फोडणीचा धूर आला आणि मला जी उबळ आली ती थांबेचना, मुलाचे वडील चष्म्यावरून बघायला लागले, तेव्हा आई अत्यंत शांतपणे म्हणाली, "यंदाची मिरची फारच तिखट निघालीये हो." मुलाच्या आईने लगेच विचारलं कुठून आणली, मग मिरचीवर वीस मिनिटं चर्चा झाली आणि लग्न जमलं. नवऱ्याला मी साखरपुड्यानंतर आठवड्याभराने बागेत बाकावर बसून खरं सांगितलं, पर्समधून पंप काढून दाखवला. तो म्हणाला, अच्छा, मला वाटलं तुझं दुसरं कुठेतरी आहे की काय.

ही मिरची पुढे पंचवीस वर्षांनी कामाला येणार होती.

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन पेशंट सापडले तेही आमच्या पुण्यातच (पहिलं काय असेल ते पुण्यातच असणार, हे आम्हाला आधीपासून माहीत असतं). त्याच सुमाराला फोनवर ती कॉलर ट्यून सुरू झाली, आठवतेय ना? आधी कुणीतरी कोरडं खोकायचं आणि मग सूचना. माझी आई ८१ वर्षांची, नागपूरला भावाकडे असते, तिने मला फोन लावला की रिंग वाजायच्या आधी तिला खोकला ऐकू यायचा. मी उचलला की तिचं सुरू, "अगं फोन उचलायच्या आधीच खोकतेस, किती वाढलाय हा!" मी सांगून दमले की आई तो माझा खोकला नाही, सरकारचा आहे. तिला पटलं नाही. तिचं म्हणणं, मी पन्नास वर्षं ऐकतेय, मला तुझा खोकला ओळखू येत नाही होय?

आता प्रॉब्लेम असा की माझा खोकला खरंच तसाच आहे. कोरडा, तीनचे तीन ठोके, मग जरा गॅप, मग परत. आधी लिफ्टमध्ये खोकले तर लोक जागेवर हलायचे पण नाहीत, फार तर कुणीतरी ज्येष्ठमधाची कांडी चघळ म्हणायचं. मार्चनंतर मी पार्किंगमध्ये एकदा खोकले तर दुचाकी काढणारा माणूस दुचाकी तशीच टाकून जिन्यात पळाला, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "काही सभासद लक्षणं लपवत आहेत." नाव नव्हतं. नाव नसलं की सगळ्यांना कळतं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पंप अजिबात बंद करायचा नाही, बाहेर अजिबात पडायचं नाही. दोन्ही ऐकलं. पण खोकला काही डॉक्टरांना विचारून येत नाही. आमचं स्वयंपाकघर डक्टच्या बाजूला, वरचे खालचे सगळे आवाज त्या डक्टमधून फिरतात, चौथ्या मजल्यावरच्यांचा कुकर कितव्या शिट्टीला आहे ते मला सांगता येतं. म्हणजे माझंही सगळ्यांना ऐकू जाणार. तेव्हा मला आईची मिरची आठवली. उबळ येतेय असं वाटलं की मी धावत जाऊन गॅस पेटवायची, पळीत तेल, मोहरी, दोन लाल मिरच्या, आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने, "बापरे, मिरची जास्तच झाली गं!" की मग खोका हवं तेवढं. फोडणीचा खोकला हा आपल्याकडे कायदेशीर खोकला आहे, त्याला कुणी क्वारंटाइन करत नाही.

हो, मला माहितीये की दम्याच्या माणसाने खोकला लपवायला मिरचीचा धूर करणं म्हणजे काय आहे ते. लेकीने पण हेच ऐकवलं, शिवाय इंग्रजीत. म्हणून मग मिरच्या बंद केल्या, नुसती मोहरी, पण वाक्य मिरचीचंच ठेवलं.

फोडणी केली की ती कशावर तरी घालावी लागते, फुकट कशी घालवायची. त्यामुळे आमच्याकडे त्या काळात काकडी, दही, उरलेला भात, पोळीचा कुस्करा, सगळ्यावर फोडणी असायची. मोहरी महिन्याला अर्धा किलो लागायला लागली. वाणी फोनवर नवऱ्याला म्हणाला, साहेब लोणच्याचा धंदा काढला का. आणि दम्याचं जे लोक जाणतात त्यांना माहितीये, याची खरी वेळ पहाटे तीन ते चार. पहाटे तीनला मी ओट्याशी उभी राहून मोहरी तडतडवतेय, खिडकीत तोंड घालून मिरची मिरची करतेय, आणि नवरा दारात उभा राहून डोळे चोळत विचारतोय, आत्ता काय आहे? कोशिंबीर.

बाकी या काळात एक झालं, आयुष्यभर मी ज्या विषयात एकटी होते त्या विषयात अख्खी सोसायटी एक्स्पर्ट झाली. मी ऑक्सिमीटर वापरायची तेव्हा लोक विचारायचे हा बोटाला चिमटा कसला, आता सकाळी गच्चीवरून गच्चीवर "किती आहे?" "९७!" "आमचं ९८!" मुलांचे दहावीचे मार्क सांगावे तसं. व्हॉट्सॲपवर ती टेस्ट आली होती, दहा सेकंद श्वास रोखून धरता आला तर कोरोना नाही. साफ खोटी होती, पण दिरांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्या घराण्याला करायला लावली. मी सहाला सुटले. सगळ्यांचे चेहरे पडले. मी म्हणाले अहो भाऊजी, मी १९७९ पासून या परीक्षेत नापास आहे! तरी त्यांनी कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी कुरिअरने पाठवलीच. ती हुंगली आणि तत्काळ अटॅक आला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तर माझा प्रिव्हेंटर पंपसुद्धा (अटॅक येऊच नये म्हणून रोज घ्यायचा तो) मिळेना, कारण त्यातलं ब्युडेसोनाइड हे औषध कोविडच्या सौम्य पेशंटच्या सरकारी गाइडलाइनमध्ये आलं आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. जो पंप मी पंचवीस वर्षं पदराआड, कपाटाआड, लग्नघरात बाथरूममध्ये लपून घेतला, तो लोक प्रतिष्ठेने विचारत होते, "वहिनी, एखादा जास्तीचा असेल तर." मला क्षणभर इतकं भारी वाटलं की देऊनच टाकणार होते, लेकीने हात धरला. त्या महिन्याबद्दल जास्त लिहीत नाही. रात्रभर ॲम्ब्युलन्सचे आवाज यायचे आणि मी मोहरीसुद्धा हळू तडतडवायची.

लसीचं तर वेगळंच. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या लोकांना, पण वीस आजारांच्या यादीतला एखादा असेल तरच. मी खुशीत यादी उघडली, म्हटलं चला, आयुष्यात पहिल्यांदा या दम्याचा काहीतरी उपयोग होतोय. तर अट अशी की श्वसनाचा आजार गंभीर हवा, दोन वर्षांत ॲडमिट झालेले हवे नाहीतर तो एफईव्ही१ का काय तो (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते त्याचा आकडा) ५० टक्क्यांच्या खाली हवा. माझा जुना रिपोर्ट काढला. ६१. म्हणजे शाळेत असताना जे कधी मिळाले नाहीत ते फर्स्ट क्लासचे मार्क नेमके इथे मिळाले. नवरा म्हणाला अभिनंदन. १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना मिळायला लागली तेव्हा लाइन लावली, तर सेंटरवर साठा संपला. लस आमच्याच गावात बनत होती, घरापासून रिक्षाने गेलं तर मीटर चारशेच्या आत राहील, तिथून ती ब्राझीलपर्यंत जाऊन आली पण आमच्या सेंटरपर्यंत येईना. शेवटी २० एप्रिलला पहिला डोस मिळाला. सहा-आठ आठवड्यांनी दुसरा म्हणून कॅलेंडरवर गोल केला, तर १३ मे ला जाहीर झालं की आता बारा ते सोळा आठवडे. मी गोल खोडला, पुढच्या पानावर केला. ८४ दिवस भरले १३ जुलैला. त्या दिवशी मी साडी नेसून गेले होते लस घ्यायला, ब्लाउजची बाही वर जाईना तो भाग सोडून देऊ.

पण मला मुळात सांगायचं होतं ते वेगळंच. या दीड वर्षात माझी फुफ्फुसं इतकी मजेत होती की बास. २०२० अख्खं वर्ष नेब्युलायझर माळ्यावरून खाली आला नाही. रस्त्यावर धूर नाही, ऑफिसचा एसी नाही, कुणाची सर्दी घरी येत नाही, लग्नातली उदबत्ती नाही, बसमध्ये शेजारच्या बाईंचं परफ्यूम नाही. उन्हाळ्यात गच्चीवर गेले तर सिंहगड असा दिसायचा की हात लावावा. पहाटेचा तो खोकला सोडला तर तक्रारीला जागा नव्हती, आणि तो पण निम्मा मोहरीचा असावा असा मला दाट संशय आहे. म्हणजे बघा, मी ज्या जगात परत जायला तडफडतेय ते नेमकं मला खोकवणारं जग आहे. माझ्या फुफ्फुसांना कुणी मत विचारलं असतं तर त्यांनी लॉकडाऊनला मत दिलं असतं.

आणि तरी जायचंच आहे. मला तुळशीबागेत जाऊन दहा रुपयांच्या पिनांसाठी घासाघीस करायची आहे, धुळीत. मला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या आहेत, मी तीन ठिकाणी थांबते आणि थांबले की मोबाइल काढून पुण्याचा फोटो घेते, म्हणजे बाई दमलेली नाही, बाई रसिक आहे असं वाटतं. माझ्याकडे पर्वतीच्या एकाच वळणावरून काढलेले साडेतीनशे फोटो आहेत. ७ ऑक्टोबरला देवळं उघडली, २२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडणार आहेत. नाटकाच्या थंडगार एसीत, अगदी नाजूक सीन चालू असताना, मागच्या रांगेतून तीन ठोके, गॅप, परत तीन ठोके, आणि पुढच्या बाईंनी नुसतं वैतागून "च्च" करावं. भीती नको, पळापळ नको, नुसतं साधं पुणेरी "च्च". त्यासाठी जीव आसुसलाय.

काल हे सगळं डोक्यात घेऊन लिफ्टपाशी उभी होते तर खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. वय ७८, मुलगा अमेरिकेत, एकट्या असतात. दीड वर्षात आम्ही एकमेकींना फक्त बाल्कनीतून बघितलं होतं. मास्क नाकाखाली ओढून म्हणाल्या, "काय गं, हल्ली तुझी फोडणी कमी झाली."

मी म्हणाले हो, ते जरा तेल कमी करतोय.

"मला सांगतेस? आमचे हे तीस वर्षं दम्याचे होते. फोडणीचा खोकला कुठला आणि तो कुठला, कळत नाही होय मला?" मग म्हणाल्या, "पहाटे तुझी मोहरी तडतडली की मी उठून बसायची. तुझा आवाज थांबला की आडवी व्हायची. नाहीच थांबला तर असू दे म्हणून तुझ्या नवऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून उशाशी ठेवलाय."

मला काही बोलता येईना. जरा वेळाने विचारलं, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं का काकू?

"छे, तिसऱ्या मजल्यावरच्यांना वाटतंय तुमच्याकडे नवीन स्वयंपाकवाली आहे आणि तिला मिरचीचा अंदाज नाही."

लिफ्ट आली. आत शिरलो आणि नेमकी मला उबळ आली, तीन ठोके, गॅप. मी ओढणी तोंडाशी नेली. काकूंनी शांतपणे दोन नंबरचं बटण दाबलं. "होऊ दे गं. आणि नाटकाची तिकिटं काढशील तेव्हा माझंही काढ. कडेची खुर्ची बघ हां, मलाही मध्येच उठावं लागतं हल्ली, पण माझं कारण वेगळं आहे."