परदेशातून : आधी उभा पाइप, मग मॉड्युलर किचन

सांगलीच्या गावभागातली आमची इमारत चाळिशी ओलांडून गेली आहे. तळमजला धरून चार मजले, सोळा घरं, प्रत्येक घर साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास. सध्या तिथे दोन तट पडलेत. एक म्हणतो, आता या घरांत रुपयाही घालू नका, बिल्डर बघा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, तोवर आपापलं घर नीट करून घ्या. शेजारच्याचं तो बघेल. बाबांचा फोन आला की निम्मा वेळ यातच जातो. मी श्टुटगार्टमध्ये अशाच जुन्या इमारतीतल्या लहान घरात राहतो आणि मला दोन्ही तटांचं पटत नाही. घरात पैसा जरूर घालावा, पण पहिला पैसा दाराबाहेर, इमारतीच्या सामाईक कामांवर पडायला हवा.

बिल्डरच्या आशेत मला फार दम दिसत नाही. मुंबई-पुण्यात जादा बांधकाम विकून जुन्या रहिवाशांची घरं निघतात. गावभागात जागेला तो भाव नाही, शिवाय पूररेषेचे निर्बंध आहेत. आणि २०१९ च्या महापुरानंतर नवं घर घेणाऱ्यांची नजर नदीपासून लांबच्या विश्रामबागकडे असते.

आपापल्या घरापुरतं बघण्याचं काय होतं, ते गेल्या दिवाळीत पाहिलं. वरच्या घरात बाथरूम नवं झालं होतं. भिंतीत बसवलेला कमोड, छतापर्यंत टाइल्स, काम खरोखर देखणं. फक्त नवा पीव्हीसी पाइप जोडला होता तो सगळ्या मजल्यांचं सांडपाणी खाली नेणाऱ्या, इमारतीच्या जुन्या बीडाच्या उभ्या पाइपाला. खालच्या काकूंच्या बाथरूममध्ये छताचा परातीएवढा पापुद्रा निखळून पडला होता आणि आतले गज उघडे होते. स्टुलावर चढून बोट लावलं तर गंजाचे पदर हातात आले. जुन्या बांधकामात संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचा रोडा भरलेला असतो. जोड गळला तरी पाणी आधी रोड्यात मुरतं, वरच्याला कळत नाही. गज गंजला की फुगतो आणि स्वतःच्या अंगावरचं काँक्रीट ढकलून देतो. काकूंनी दोनदा गिलावा करून घेतला. गळती वरची, खर्च खालचा, आणि पाइप कुणाचाच नाही!

फरशीचंही तसंच. राडारोडा खाली न्यायला नको म्हणून जुन्या मोझॅकवरच माल टाकून नवी फरशी बसवतात. दीड इंच माल आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो. आमच्याएवढ्या घरात स्लॅबवर पाच टनांच्या आसपास ओझं वाढतं. जुनी फरशी काढून टाकायची आणि नवी शक्य तिथे मालाऐवजी केमिकलवर, म्हणजे टाइल चिकटवायच्या पातळ थरावर बसवायची, एवढं पथ्य तरी पाळायला हवं. घर लहान म्हणून हॉल-किचनमधली भिंत काढायचा मोह होतो, तो मी समजू शकतो. पण लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणाऱ्या इमारतीत नऊ इंची भिंत पाडणं म्हणजे वरच्याच्या पायाखालचा आधार काढणं.

इथे माझ्या इमारतीत बाथरूम जुनी झाली तेव्हा एका उभ्या ओळीतल्या सगळ्या घरांचे पाइप एकदमच बदलले. इमारतीचा दुरुस्ती फंड पुरला नाही, म्हणून जादा वर्गणी निघाली आणि त्या वर्षी माझं सांगलीला येणं रद्द झालं. निर्णयाला वेळ लागला, कारागीर मिळायला त्याहून जास्त. सांगलीचा गवंडी बाथरूमचा उतार ज्या सफाईने काढतो, ती सफाई इथे चौपट पैसे मोजूनही मिळेलच असं नाही. पण काम झाल्यावर कुणाचंच छत गळलं नाही.

‘तिकडचे कायदे वेगळे’ असं मला ऐकवतात. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा वाचा. पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छत हे सगळं त्यातही सामाईकच आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा सांगितलं आहे. कायदा आहे, फंड नाही. आमचा मेंटेनन्स महिना ३०० रुपये. सोळा घरांचे वर्षाचे ५७,६०० होतात, ते जिन्यातले दिवे, झाडलोट आणि पंपाच्या दुरुस्तीत संपतात. त्याच इमारतीत एकेका घराच्या किचनला चार-चार लाख लागलेत.

सांगलीपुरती आणखी एक गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पुन्हा घरांत शिरलं. तरी आमचे मीटर आणि पंप अजून तळमजल्यावरच. ते पहिल्या मजल्याच्या वळणावर नेणं हे मला कुठल्याही फॉल्स सीलिंगपेक्षा निकडीचं वाटतं. तळमजल्यावर प्लायवूडची कपाटंही करू नयेत, कडाप्प्याचे कप्पे धुऊन पुन्हा वापरता येतात.

आईला नवा ओटा हवा आहे आणि तो मी करून देणार आहे. त्याआधी ऑडिटची फी आणि आमच्या ओळीतल्या उभ्या पाइपाचा आमचा वाटा भरणार आहे, तसं बाबांना कळवलंय. इमारतीतल्या पाच घरांची मुलं पुण्यात किंवा परदेशात आहेत. आम्ही पाचांनी आगाऊ रक्कम घालावी, ती पुढच्या मेंटेनन्समधून वळती व्हावी, पेन्शनवाल्यांनी हप्त्याने द्यावं, आणि दर महिन्याचा हिशेब जिन्यातल्या फलकावर लागावा. एवढा ठराव मी येत्या बैठकीसाठी लिहून पाठवला आहे.