चुकल्यावर चेहरा कसा असतो?

परवा चहाच्या टपरीवर परत तोच वाद, भारी गिटारिस्ट कोण? आणि नेहमीप्रमाणे गाडी स्पीडवरच अडकली. मी तिथं गप्प बसलो पण घरी आल्यावर राहवेना, म्हणून लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

स्पीड वाईट नाही हो. मी स्वतः सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) लावून तासन्‌तास स्केल घासल्यात, रूम पार्टनर उशी फेकून मारायचा. आणि गॅदरिंगला काय झालं, तर सोलोत एक बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला सूर, जरा खालीच राहिला. समोरच्या दहा जणांनाही कळलं नसतं, पण मी चेहरा असा केला जसं काय गॅसवर दूध उतू गेलंय, आणि पुढचं सगळं मान खाली घालून इतकं घाईत उरकलं की ड्रमर बिचारा मागेच राहिला. सूर एक चुकला होता, गाणं मी घालवलं.

ब्लूज गिटारिस्ट बी. बी. किंग बघा. 1985 च्या फार्म एडला, म्हणजे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या मदतीसाठीच्या कॉन्सर्टला, भर गाण्यात तार तुटली. गडी गातच राहिला आणि गाता गाता नवीन तार चढवली! आपल्याला कॉर्ड (अनेक सूर एकदम वाजवणं) नीट जमत नाहीत हे हाच माणूस उघड सांगायचा. पण एक सूर लावून बोट हलवलं की कळतं कोण वाजवतंय. जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं 1928 च्या आगीत कामातून गेली, सोलो उरलेल्या दोन बोटांवर. तिथं काय मोजणार?

आणि गंमत म्हणजे सवाईला आपणच एका षड्जावर वाहवा म्हणतो, गिटारवाल्याला मात्र नोटा मोजून मार्क देतो.

माझं मत विचाराल तर कॉन्फिडन्स हा रियाजाचाच भाग आहे. घरी चुकलो की आपण थांबतो, मागे जातो, परत वाजवतो, म्हणजे नकळत थांबायचीच प्रॅक्टिस करतो ना राव! मग स्टेजवर दुसरं काय होणार? रोज निदान एकदा तरी अख्खं गाणं, काहीही झालं तरी न थांबता वाजवा. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं, असो.

मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका कॅफेत एक मुलगी वाजवत होती, साधी अकूस्टिक, वीसेक खुर्च्या, मागे मिक्सरचा घर्रर्र आवाज. मधेच तिची कॉर्ड बदलायची राहिली. तर तिनं तीच कॉर्ड अजून एक आवर्तन धरून ठेवली, कहोनवाल्याकडे (खोक्यासारखं तालवाद्य असतं ते) बघून नुसती भुवई उडवली, तोही थांबला, आणि दोघं मिळून असे समेवर आले की लोकांनी तिथंच टाळ्या वाजवल्या.

नंतर ती केबल गुंडाळत होती तेव्हा मी हळूच विचारलं, "मधे चुकलं होतं ना एकदा?"

"कुठलं, पहिलं का दुसरं?"

मला एकच कळलं होतं.