"आठवड्यात वायफाय बंद, यांना लिनक्स येत नाही": दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक तारा काल रात्री दुकान बंद करताना पाहिला. "तीन दिवस लॅपटॉप ठेवून घेतला, ९०० रुपये लावले, आठवड्यात वायफाय बंद. यांना लिनक्स येत नाही." मुलीचं सबमिशन अडलं, तुमची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण ते तीन दिवस कशात गेले, हे इथे वाचणाऱ्यांनाही कळू द्या. तुमचा लॅपटॉप सिक्स्थ जनरेशन प्रोसेसरचा, म्हणजे जुना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकायचं तुमच्याशी बोलूनच ठरलं. ते त्याच संध्याकाळी टाकून झालं. स्क्रीन, आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं चालू, एकही ड्रायव्हर (सिस्टिमला हार्डवेअर चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) वेगळा टाकावा लागला नाही. उरलेला सगळा वेळ खाल्ला तो तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या, यूएसबीला लावायच्या वायफाय डोंगलने. आतलं वायफाय कार्ड गेलंय, इंटेलचं बसवू, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, असं मी काउंटरवर म्हणालो होतो. "चारशेत डोंगल येतंय, तुम्ही लुटताय," हे तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात. असो, धंद्यात ऐकून घ्यावं लागतं.

डबीवर 'लिनक्स सपोर्ट' छापलंय. आतल्या सीडीवरचा ड्रायव्हर इतक्या जुन्या कर्नलचा की कंपाइलच होईना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅमच बनेना. त्यात एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मधूनच चिप बदलतात, त्यामुळे आधी चिपचा नंबर काढावा लागला. मग कुणा हौशी माणसाने दुरुस्त करून ठेवलेला सोर्स शोधला, बसवला, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असल्याने त्याला डिजिटल सही दिली. घरी तुम्ही अपडेट केलंत, नवं कर्नल आलं आणि तो कोड पुन्हा अडला. अपडेट करणं चूक नाहीच. पण यात आमचं काय चुकलं, तेही सांगा.

सोसायटीने पाइपलाइन बदलली तर आतल्या घरांची जोडणी सोसायटीच करते, कंपाउंडबाहेरच्याने आपलं आपण बघायचं. ड्रायव्हरचंही तसंच. कंपनीने तो मुख्य कर्नलमध्ये दिला, तर पुढे जो कर्नलचा अंतर्गत भाग बदलतो, तोच त्या ड्रायव्हरमध्येही बदल करून देतो. बाहेर ठेवला की प्रत्येक अपडेटला धाकधूक.

आणि कंपन्यांना हे जमत नाही असं नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नल डेव्हलपरने २००७ मध्येच जाहीर केलं होतं की कंपनीने हार्डवेअरची माहिती आणि बोलायला एक इंजिनिअर द्यावा, ड्रायव्हर फुकट लिहून देऊ. गुपितं फुटतील अशी भीती असेल तर करार करायचीही तयारी होती. एएमडीने त्याच वर्षी ग्राफिक्सची कागदपत्रं खुली करायला घेतली. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये वायफाय ड्रायव्हर खुला केला, एन्व्हिडियाने २०२२ मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग. फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा कोड, बहुतेकांचं अजून बंदच असतं, पण तेवढ्याने माझं काम अडत नाही. तुमच्या डोंगलवाल्याने मात्र डबीवर लिनक्सचा पेंग्विन छापला की काम झालं असं मानलंय. तो एक तारा त्या डोंगलच्या पानावरही द्या सर, मॉडेल आणि व्हर्जन लिहून, 'ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या' असं मागून. मी विक्रेत्याला लिहिलंय, उत्तर नाही. माझ्यासारख्या एम.जी. रोडवरच्या दुकानदाराला कोण विचारतो? गिऱ्हाइकं मागायला लागली, माल परत जायला लागला, की हलतील.

९०० मध्ये तुमच्या फोटोंचा बॅकअपही होता, तो तुम्ही लिहिला नाहीत.

यापुढे बाहेरून आणलेल्या वस्तूंचं बिलावर काहीतरी स्पष्ट लिहून द्यायचा विचार आहे. चालणाऱ्या चिपची यादीही लावू, जमेल तशी.

लॅपटॉप घेऊन या. कार्ड खरेदीच्या भावात देतो, बसवायचे पैसे घेणार नाही. तोवर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, नेट लगेच चालेल, मुलीचं काम थांबणार नाही. शक्यतो दुपारी चारच्या आधी या, नंतर गर्दी असते. आणि तारे राहू देत, पण ते 'लिनक्स येत नाही' तेवढं पटलं तर काढा.