तणनाशकाने जळत नाही तो प्रत्येक मका जीएम नसतो

कोल्हापूर परिसरातील दूध उत्पादकांच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे असे की, तणनाशक फवारूनही जो मका जळत नाही तो परदेशी जीएम (म्हणजे जनुकांत कृत्रिम बदल केलेला) मका असून तो आपल्या शिवारात गुपचूप शिरला आहे. त्याच्या वैरणीने म्हशीचे दूध विषारी होते व कर्करोग होतो. कोल्हापुरातील रंकाळा तलावावर मिळणारे स्वीट कॉर्न त्यातलेच आहे. आणि त्याचे बी वांझ असते. करवीर तालुक्यातील माझ्या आत्याने हा संदेश वाचून मक्याची वैरण बंद केली आणि म्हशींना निव्वळ उसाचे वाडे (शेंड्याकडचा हिरवा पाला) घालायला सुरुवात केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत निराधार मुद्दा पहिलाच आहे. आपल्याकडे मक्यात प्रामुख्याने ॲट्राझिन आणि टेम्बोट्रायोन ही तणनाशके वापरतात, आणि ती निवडक आहेत, म्हणजे तण मारतात पण मका राखतात. मक्याच्या पेशींत या रसायनांचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) मुळातच असतात; अनेक तणांत ती पुरेशी नसतात. ॲट्राझिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले, तर अमेरिकेत जीएम मक्याची व्यापारी लागवड १९९६ मध्ये सुरू झाली. मग मधल्या साडेतीन दशकांत ॲट्राझिन पचवणारा मका कोणत्या प्रयोगशाळेतून आला होता? जीएम तणनाशक-सहनशील मका म्हटला जातो तो प्रामुख्याने ग्लायफोसेट सोसणारा. ग्लायफोसेट वनस्पतीतील आवश्यक अमिनो आम्ले बनवणाऱ्या एका विकराला बंद पाडते. त्या मक्यात एका जीवाणूचे जनुक घालून बंद न पडणारे विकर दिलेले असते. आपला नेहमीचा संकरित मका ग्लायफोसेटपुढे टिकत नाही. म्हणूनच ‘फवारून पाहा, खात्री करा’ हा त्या संदेशातील सल्ला धोकादायक आहे. तो ऐकून कोणी उसातले उरलेले ग्लायफोसेट मक्यावर मारले, तर त्याचे उभे पीक वाळून जाईल.

भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. चाचण्या झाल्या आहेत, पण चाचणी म्हणजे विक्री नव्हे. २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस हेच आपल्याकडे व्यापारी लागवडीखालील जीएम पीक आहे. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. तणनाशक-सहनशील कापसाचे बेकायदा बियाणे विदर्भात पसरले आणि २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ते उघडपणे पेरूनही दाखवले गेले. त्यामुळे चोरट्या बियाण्याची शंका येणे मुळीच वेडेपणाचे नाही. ती शंका हातातल्या मक्यावर काहीही न तपासता लादणे चुकीचे आहे.

संदेशासोबत गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रे आहेत. ती उंदरांना जीएम मका खाऊ घालण्याच्या फ्रान्समधील २०१२ च्या एका प्रयोगातील आहेत. त्यात वापरलेल्या उंदरांच्या जातीला वयानुसार आपोआपच गाठी येतात आणि प्रत्येक गटात जेमतेम दहा उंदीर होते. निष्कर्ष निर्णायक ठरत नसल्याचे सांगून त्या नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. पुढे तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला, पण त्यामुळे गटांतील उंदरांची संख्या वाढली नाही. याउलट अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१६ मध्ये ९०० हून अधिक शोधनिबंध तपासले. जनावरांच्या आरोग्याची जीएम चारा येण्यापूर्वीची आणि नंतरची आकडेवारी तिने ताडून पाहिली, आणि तिला अपाय आढळला नाही. त्याच अहवालाने ग्लायफोसेटला दाद न देणारी तणे वाढल्याचे स्पष्टपणे नोंदवले आहे. जीएम मक्याविरुद्ध बोलायचे असेल, तर खरा मुद्दा तो आहे. ग्लायफोसेट ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये म्हटले, हेही खरे. पण तो प्रश्न ते रसायन फवारणाऱ्याच्या आरोग्याचा आधी आहे आणि म्हशीच्या दुधाचा नंतर.

दरम्यान, या भीतीपोटी निव्वळ वाड्यांवर ठेवलेल्या म्हशींचे नुकसान मात्र आजच होत आहे. उसाच्या वाड्यांत ऑक्झलेट असते, ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, आणि दुभत्या जनावराला नेमकी कॅल्शियमचीच गरज असते. मक्याची हिरवी वैरण आणि मुरघास त्याहून कितीतरी सकस आहेत.

स्वीट कॉर्नचा गोडवा दाण्यातील साखरेचे स्टार्च होऊ न देणाऱ्या नैसर्गिक उत्परिवर्तनातून (जनुकात आपोआप झालेल्या बदलातून) आला आहे. अमेरिकेत जीएम स्वीट कॉर्नही पिकते, पण रंकाळ्यावरच्या कणसाचा त्याच्याशी संबंध नाही. संकरित मक्याचे बी वांझही नसते; ते उगवते, फक्त पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि उत्पन्न घटते, म्हणून दरवर्षी नवे बी घ्यावे लागते.

वैरण विकत घेणाऱ्याने विचारायचेच असेल, तर कोणते तणनाशक कधी फवारले हे विचारावे, आणि फवारणीनंतर किती दिवस चारा कापू नये असे डब्यावरील पत्रकात लिहिले आहे ते पाहावे.