सुट्टी आणि सुतक

“माणशी सव्वातीन लाख भरून सुट्टीवर आलोय, सुतकात बसायला नाही.”

हे आमच्या दादाचं वाक्य. जूनमध्ये त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली बारा हसरे चेहरे उगवले. त्यात सख्ख्या आत्याचाही एक. दादा माझा चुलतभाऊ, पण माहीमच्या दोन खोल्यांत आम्ही एकत्र वाढलो, त्यामुळे ‘चुलत’ फक्त रेशनकार्डापुरतं. तो आणि वहिनी बारा दिवसांच्या युरोप टूरवर निघाले होते. इन्सब्रुकहून म्युनिकला येण्याच्या दिवशी कार्यक्रमात ‘डाखाऊ, २ तास’ असं छापलेलं होतं. डाखाऊ म्हणजे म्युनिकजवळची नाझींची छळछावणी, आता स्मारक. बसमध्ये टूर मॅनेजरने माईकवर विचारलं, डाखाऊ की बीएमडब्ल्यू? अडतीसपैकी एकतीस हात मोटारींसाठी वर गेले. झाली लोकशाही.

मी म्युनिकलाच राहते, आणि तेव्हा डाखाऊला उभी होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, एस-टू लोकल आणि पुढे ७२६ नंबरची बस पकडून, पिशवीत थालीपिठांचा डबा घेऊन. फोन आला तो वहिनीचा. “अगं, आम्ही इकडेच उतरलो. तूच ये ना, कसल्या एकेक गाड्या आहेत!” मागून कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं.

राग थालीपिठांचा होता की तत्त्वाचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तेव्हा तत्त्वाचा वाटला. डाखाऊची छावणी २२ मार्च १९३३ला सुरू झाली. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पहिले कैदी राजकीय विरोधक होते, बाकीचे मागून आले. बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं इथे कोंडली गेली आणि एकेचाळीस हजारांवर मेली. मारण्यासाठीच उभारलेल्या छावण्या पुढे पोलंडमध्ये झाल्या. एकट्या आउशवित्झमध्ये ११ लाख माणसं गेली, त्यातली सुमारे दहा लाख ज्यू. पण हजेरीपट, कैद्यांचे नंबर, शिक्षांचे नियम यांचा सराव डाखाऊला झाला. तिथे जाऊन बघायचं ते हेच. राक्षस बघायला मिळत नाहीत. दिसतं ते एक चोख चालवलेलं ऑफिस.

दादाच्या वाक्याकडे परत येते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. सुट्टीत सुतक नको, हे त्याचं तत्त्व असतं तर मी गप्प बसले असते. पण हाच माणूस अंदमानला गेला होता. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडून उभा असलेला त्याचा फोटो दोन वर्षं डीपीला होता. रात्रीच्या लाइट अँड साउंडला अख्खी बस रडली, हे त्यानेच कौतुकाने सांगितलेलं. अमृतसरला जालियनवाला बागेत भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणांवर बोट ठेवून आला. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना कुलाब्याला लिओपोल्डमध्ये नेऊन २६ नोव्हेंबरची भोकं दाखवतो, वर बिअर पाजतो. म्हणजे सुतक चालतं, फक्त मयत आपल्यातलं हवं.

मी हे ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, “बरोबर. त्यांचा आपला काय संबंध?”

संबंध. थांब, संबंध सांगते. नाझींनी ज्यूंबरोबर रोमा आणि सिंती लोकांनाही वेचून मारलं. किमान दोन लाख, काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री आउशवित्झ-बिर्केनाऊमधला त्यांचा कुटुंबांचा विभाग रिकामा केला गेला आणि सुमारे ४,३०० जण गॅसमध्ये घातले गेले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेले. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नख’, माणसाला ‘मानुष’. बर्लिनला संसदेच्या बाजूलाच त्यांच्यासाठी एक गोल, काळं पाण्याचं तळं केलंय, २०१२मध्ये. पासष्ट वर्षांहून जास्त काळ त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हतं. त्या रात्री तहानलेलं एखादं पोर आईकडे काय मागत असेल, ते शब्दकोश न उघडता कळणारे आपणच.

पटण्यासारखा मुद्दा होता. एक अंगठा आला. त्याच्याखाली लगेच वहिनीचे बीएमडब्ल्यूचे फोटो, एकवीस.

वहिनीला नावं ठेवायला नकोत. पहिल्या ट्रिपला ती बर्लिनच्या ज्यू स्मारकातल्या दगडावर चढून बसली होती, दोन्ही हात पसरून. २,७११ काँक्रीटचे ठोकळे, कुठेही नाव नाही, कुठे सुरू कुठे संपतं ते कळत नाही. चुकून बाग समजायला जागा आहे. ज्याने ते बांधलं तो आयझेनमन आधीच म्हणाला होता की पोरं तिथे लपाछपी खेळतील, लोक डबे उघडून बसतील, चालायचंच. मला नाही चालत. पण मी त्या स्मारकाची कोण?

आई २०१४मध्ये आली होती, ती गोष्ट सांगायची राहते. तिला इंग्रजी पाट्या भराभर वाचता येत नव्हत्या, आणि माझं भाषांतर तिने पाच मिनिटांत थांबवलं. डाखाऊला ३४ बराकी होत्या. त्यातल्या दोन पुन्हा बांधल्यात, बाकीच्यांची नुसती जोती आखून खडी टाकलीय. आई त्या जोत्यांच्या कडेकडेने चालली. आत पाऊल टाकलं नाही, जशी कुणाच्या सारवलेल्या अंगणात न विचारता जाणार नाही. भट्ट्यांपाशी फक्त एक विचारलं, “ह्यांचं पुढचं कुणी केलं?” म्हटलं, काय पुढचं? म्हणाली, “दहावं-बारावं. म्हणजे त्यांच्यात जे काय असेल ते. घरच्या घर गेलं तर करणार कोण?” तिथल्याच ज्यू स्मारकापाशी लोकांनी ठेवलेले खडे दिसले. त्यांच्यात फुलांऐवजी खडा ठेवतात, एवढं मी सांगितलं. तिने वाटेवरचा एक उचलला, पदराला पुसला आणि ठेवला. घरी आल्यावर चपला बाहेर काढल्या, कुणाशी न बोलता डोक्यावरून अंघोळ केली आणि मगच पाणी प्यायली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या छावणीच्या फाटकाचं दार कुणीतरी रात्री चोरून नेलं, ते ‘काम माणसाला मुक्त करतं’ अशी अक्षरं असलेलं. दोन वर्षांनी ते नॉर्वेत सापडलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “भंगारात काय आलं असतं त्याचं?”

तर आईसारखं सुतक दादाने पाळावं एवढीच माझी अपेक्षा होती, असं मी स्वतःला सांगत होते. त्या संध्याकाळी टूरच्या ठरलेल्या इंडियन रेस्टॉरंटात मी त्यांना गाठलं. पनीर आणि पिवळी दाल. थालीपिठं मात्र दोन मिनिटांत संपली. मी सुरूच झाले. म्हटलं, इथे नववीतल्या पोरांना शाळा डाखाऊला घेऊन येते, माझ्या लेकीलाही आणलं. आपल्याकडे शाळेतून कुठे नेतात? राणीची बाग आणि बिस्किटांचा कारखाना. आपल्याकडे मारकुट्या मास्तरला हिटलर म्हणतात आणि त्यात प्रेम असतं. हिटलरचं पुस्तक स्टेशनबाहेरच्या गाड्यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी. २००६मध्ये खारघरला एकाने हॉटेलला त्याचंच नाव दिलं, ओरड झाली तेव्हा बदललं. “आम्ही निदान लपवत तरी नाही,” मी म्हणाले. “आम्ही पोरांना बोटाला धरून दाखवतो, हे आम्ही केलं म्हणून.”

दादाने रोटी खाली ठेवली. “आम्ही म्हणजे कोण गं?”

टेबलावरचे बाकीचे सहप्रवासी दालीत बघायला लागले.

तीन वर्षांपूर्वी मी पासपोर्ट बदलला. जर्मन नागरिकत्वासाठी ३३ प्रश्नांची परीक्षा असते, १७ बरोबर आले की पास. माझे ३३ आले आणि ते मी अजून लोकांना सांगते, आत्ताही सांगितलंच. पण पासपोर्टाबरोबर पूर्वजही बदलून मिळतात का, हा प्रश्न त्यात नव्हता. मी बीअरच्या तंबूत जर्मन नसते, ट्राममध्ये पास तपासणारा आला की नसते. भाड्याच्या घरासाठी आडनाव सांगते तेव्हा तर अजिबातच नसते. आणि डाखाऊला मात्र मी जर्मन. त्यांचा पश्चात्ताप तेवढा मी आपल्या नावावर करून घेतला. गुन्हा त्यांचा, कबुलीचं कौतुक माझं. मुंबईहून कुणी आलं की न्यूश्वानस्टाइनच्या किल्ल्याआधी मी त्यांना डाखाऊ दाखवते, एखाद्या नव्या फ्लॅटचं मॉड्युलर किचन दाखवावं तसं.

आणि दाखवताना निवडून दाखवते. म्युनिकला ट्रुडेरिंगमध्ये फॉन ट्रोथाच्या नावाचा रस्ता होता, हे मी दादाला सांगितलं नाही. नामिबियात १९०४ साली हेरेरो लोकांना वाळवंटात मरायला हाकलणारा तो जर्मन सेनापती. रस्त्याचं नाव बदलायला हे शतक उजाडावं लागलं, आणि तो वंशसंहार होता हे सरकारने म्हटलं ते २०२१मध्ये. २०२५च्या निवडणुकीत ज्या अतिउजव्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, तो माझ्यासारख्यांविषयी काय बोलतो तेही सांगितलं नाही. ट्राममध्ये समोरचे पाच जण मी हल्ली मोजते. म्युनिकमध्ये प्रमाण कमी आहे हे माहीत असून मोजते.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही, पण ती वेगळ्या कारणासाठी. जर्मनीत रस्तोरस्ती फुटपाथमध्ये पितळेचे छोटे चौकोन बसवलेत, दहा सेंटिमीटरचे. डेम्निग नावाच्या कलावंताने १९९२पासून सुरू केलं, आता युरोपभर मिळून लाखाच्या वर झालेत. ज्या घरातून माणसाला उचलून नेलं त्याच्या दाराशी, ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्म, कुठे मारलं. म्युनिकमध्ये मात्र सार्वजनिक रस्त्यावर त्यांना परवानगी नाही. २००४चा ठराव, २०१५मध्ये पुन्हा कायम केला. विरोध होता तो शार्लोट क्नोब्लॉख बाईंचा, इथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष, लहानपणी एका शेतावर लपून वाचलेल्या. ही माणसं आधीच तुडवली गेली, आता त्यांच्या नावांवर लोकांचे बूट नकोत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून म्युनिकमध्ये नावं भिंतीवर लागतात, नजरेच्या उंचीला. माझे जर्मन मित्र यावर हळहळतात. मला ते बाईंचं म्हणणं पहिल्या वाक्यातच कळलं. वहीला पाय लागला तरी हात कपाळाला नेणारी मी. बर्लिनला गेले की त्या पितळी चौकोनांवरून उडी मारून जाते आणि लेक लाजते.

दाराशी लावलेलं नाव, हे म्हटलं की मला माहीमचाच जिना आठवतो, आणि तो मला आठवायचा नसतो.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली लाकडी फळा होता, त्यावर प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावाची पत्र्याची पट्टी, दोन स्क्रूंनी बसवलेली. दुसऱ्या मजल्यावर मास्टरजी राहायचे, शिंपी. माझे गणवेश त्यांनीच शिवलेले. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, सागरगोट्यांत मला कायम हरवायची. जानेवारी १९९३मध्ये एका रात्री बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मास्टरजींची पट्टी काढली. शहरात लोक बिल्डिंगच्या फळ्यांवरची नावं वाचत फिरत होते, म्हणून काढली. वाचवायलाच काढली. मी चौथीत होते, दारामागून बघत होते. बॅटरी धरून दादा उभा होता. तो तेव्हा पंधराचा.

दंगल आणि वंशसंहार एक नव्हेत, हे मला कुणी सांगायला नको. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० मृत मोजले, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी इतर आणि ओळख न पटलेले. अहवाल १९९८ला आला. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मेलं नाही. मास्टरजी फेब्रुवारीत सामान टेम्पोत घालून मुंब्र्याला गेले, एवढंच. पट्टी परत लागली नाही. त्या जागी स्क्रूची दोन भोकं बरीच वर्षं होती आणि मी रोज शाळेत जाता-येता त्यांच्यासमोरून गेले. एकदाही विचारलं नाही. लेकीने डाखाऊहून आल्यावर विचारलं होतं, “तुमच्या शहरात असं काही झालं नव्हतं का?” मी तिला हुतात्मा चौक सांगितला.

हे रेस्टॉरंटात बोलले नाही. दादाशी त्या दिवशी धड निरोपही घेतला नाही. सुट्टीत दोन तास द्यायला हवे होते, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे आणि त्याचं ते वाक्य अजूनही मला खुपतं.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, जिन्याखालचा फळा उतरवला. सोबत फोटो, वर्तमानपत्रावर ठेवलेली पत्र्याची पट्टी, कडेने गंजलेली. बाबांनी ती त्याच्याकडे दिली होती म्हणे, तेव्हाच. ईदला मुंब्र्याला जाणार आहे तेव्हा देतो, असं लिहिलंय. म्हणजे तो दर ईदला जातो. मास्टरजी २०११मध्ये गेले, तेव्हाही तो कबरस्तानात होता. हे मला आत्ता कळतंय.

खाली आणखी एक ओळ होती. “त्यांची मुलगी तुझा नंबर मागत होती. देऊ का?”

दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असणार. आज सहावा दिवस.